बालकांचा तालवृंद आणि लोकप्रिय संगीतातील लय
(व्याख्यानाची संहिता)



घरातील लहान मूल स्वयंपाकघरात शिरते, पातेले पालथे घालते आणि हाती लागलेला डाव त्यावर आपटू लागते. आई म्हणते, “पुरे झाले, डोके दुखायला लागले.” आजोबा म्हणतात, “वाजवू दे, हाताला ताल आहे त्याच्या.” दोघांचेही म्हणणे खरे आहे. तो गोंगाट आहे आणि संगीताचा आरंभही आहे. या गोंगाटाचे संगीत कसे होते, जगात इतरत्र ते कसे घडविले गेले आणि आपल्या शाळांना त्यातून काय घेता येईल, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

बालकांचा तालवृंद, ज्याला शाळांतून सरसकट ‘रिदम बँड’ म्हटले जाते, तो दिसायला अगदी साधा असतो. खुळखुळे, टाळ, झांजा, डफली, घुंगरू, लाकडी ठोकळे आणि लोखंडी त्रिकोण एवढी त्याची सामग्री. बोटांची विशेष तयारी लागत नाही, म्हणून पुष्कळदा त्याला संगीत न मानता खेळ मानले जाते. विसाव्या शतकातील संगीतशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

जिनिव्हाचा अनुभव

एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) हे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात स्वरसंवादशास्त्र शिकवीत असत. त्यांचे विद्यार्थी वाद्यवादनात तरबेज होते, स्वरलिपी अचूक वाचीत होते. परंतु वाजविताना त्यांची लय डळमळे. डालक्रोझ यांच्या असे ध्यानात आले की, हेच विद्यार्थी रस्त्याने चालतात तेव्हा त्यांची पावले अगदी समान अंतराने पडतात. म्हणजे लय शरीरात आहे, ती वाद्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना आधी चालावयास, थांबावयास, वळावयास आणि हात हलवून मात्रा दाखवावयास शिकविले. या पद्धतीसाठी १९११ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे आणि १९१५ मध्ये जिनिव्हात संस्था उभी राहिली.

महाराष्ट्रातील वाचकास यात काही परके वाटणार नाही. आपल्याकडील लेझीम हे नेमके असेच साधन आहे. लाकडी दांडा, त्याला अडकविलेली लोखंडी साखळी आणि साखळीतील चकत्या. वाजविणाऱ्याला पाऊल टाकल्यावाचून, वाकल्यावाचून ते वाजविताच येत नाही. वाद्य आणि व्यायाम तेथे एकच होतात. आखाड्यांतून आणि शाळांच्या मैदानांतून लेझीम खेळलेल्या पिढ्यांनी लय पायांनी शिकली. तिला संगीतशिक्षण असे नाव कोणी दिले नाही, इतकेच.

म्युनिकची शाळा

यापुढचे पाऊल जर्मनीतील म्युनिक शहरात पडले. १९२४ मध्ये डोरोथे ग्युंथर आणि संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांनी तेथे व्यायाम, संगीत आणि नृत्य यांचे एकत्र शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे त्याच शाळेच्या विद्यार्थिनी गुनिल्ड केटमन या ऑर्फ यांच्या सहकारी झाल्या. या पद्धतीतील संगीतरचनेचा फार मोठा वाटा केटमन यांचा आहे. ऑर्फ यांच्या नावाच्या प्रकाशात तो बरीच वर्षे झाकोळून राहिला. कार्ल मेंडलर या वाद्यनिर्मात्याने त्यांच्यासाठी आफ्रिकी धर्तीचे, लाकडी पट्ट्यांचे झायलोफोन तयार केले.

या वाद्यांत एक युक्ती होती. त्यांच्या पट्ट्या काढता-घालता येत. सप्तकातील मध्यम आणि निषाद यांच्या पट्ट्या काढून ठेवल्या की पाच स्वर उरतात. आपल्या भाषेत बोलायचे तर ते सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूपाचे स्वर होत. आता मुलाचा हात कोठेही पडला तरी कानाला खटकणारा स्वर वाजत नाही. चुकण्याची भीती गेली की मूल ऐकू लागते. त्याखाली एक गट अखंड दोनच स्वर वाजवीत राहतो, दुसरा गट लहानसा तुकडा पुन्हापुन्हा वाजवितो आणि एखादे मूल त्यावर स्वतःची चाल बांधते. सर्वांना एकच काम नसते. ज्याचा हात चपळ त्याला वेगळे, ज्याचा संथ त्याला वेगळे, आणि दोघांवाचूनही वृंद पुरा होत नाही.

शिकविण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी शब्द, मग शरीर, मग वाद्य. मुले प्रथम बडबडगीत किंवा नावे लयीत म्हणतात. नंतर तीच लय टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठेका यांतून काढतात. आणि त्यानंतरच वाद्याला हात लावतात.

ही शाळा १९४४ मध्ये नाझी राजवटीत बंद पाडण्यात आली आणि १९४५ च्या आरंभी बॉम्बवर्षावात तिची इमारत वाद्यांसह जळाली. काम येथे संपावयाचे. परंतु १९४८ मध्ये बव्हेरियाच्या आकाशवाणी केंद्राने मुलांनी मुलांसाठी वाजविलेल्या संगीताची मालिका सुरू केली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशातील शाळांतून ते संगीत ऐकले जाऊ लागले. १९५० ते १९५४ या काळात ऑर्फ आणि केटमन यांचे पाच खंड प्रसिद्ध झाले आणि १९६१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ऑर्फ संस्था स्थापन झाली. मुलांसाठी केलेले हे संगीत लोकप्रिय कलेतही शिरले. ‘बॅडलँड्स’ या १९७३ च्या अमेरिकी चित्रपटात त्याच संग्रहातील झायलोफोनची रचना वापरली गेली आणि पुढे तिच्या धर्तीचे संगीत अन्य चित्रपटांतूनही ऐकू आले.

पढंत, टाळी आणि खाली

शब्द आधी आणि वाद्य नंतर हा क्रम भारतीय परंपरेला नवा नाही. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो. त्याला पढंत म्हणतात. तोंडात स्पष्ट नसलेला बोल बोटांतून स्पष्ट निघत नाही, हे कोणताही गुरू पहिल्या आठवड्यातच सांगतो.

आपल्या तालपद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बालशिक्षणात अनमोल ठरावी. ती म्हणजे खाली. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या मात्रेवर टाळी आणि चौथीवर खाली. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर खाली. टाळी सर्वांना ऐकू येते. खालीला हात नुसता बाजूला उघडतो, आवाज होत नाही. परंतु ती जागा मोजली जाते, आणि खाली चुकली की सम चुकते. न वाजविण्याचीही एक जागा असते आणि ती सांभाळावी लागते, हे सात वर्षांच्या मुलाला व्याख्यानाने पटत नाही, हाताने पटते.

वर्गात हे कसे करावे, याचे एक उदाहरण पाहता येईल. एका गटाने ‘पेरू’ म्हणावे, दुसऱ्याने ‘मोसंबी’. पेरूला दोन टाळ्या, मोसंबीला तीन. दोन्ही गटांनी एकाच चालीने, न थांबता म्हणत राहावे आणि आपापल्या शब्दाचे पहिले अक्षर ठासून उच्चारावे. तीन वेळा पेरू आणि दोन वेळा मोसंबी झाली की सहा मात्रा भरतात आणि दोन्ही गटांचे पहिले अक्षर पुन्हा एकत्र येते. मुले तो क्षण ओळखून हसतात. तीच सम. गणिताच्या शिक्षकांना यात लघुतम साधारण विभाज्यही सापडेल.

तेलाच्या पिंपांचे संगीत

आता लोकप्रिय संगीताकडे वळावे. कॅरेबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर ब्रिटिश सरकारने १८८४ मध्ये कार्निव्हलच्या मिरवणुकीतील ढोलांवर कडक निर्बंध आणले. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मग निरनिराळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बिस्किटांचे डबे आणि लोखंडी भांडी आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची रिकामी पिंपे. पिंपाच्या तोंडावर ठोकून वेगवेगळे खळगे पाडले की प्रत्येकातून वेगळा स्वर निघतो, हे तेथील गरीब वस्त्यांतील तरुणांनी शोधून काढले. तालाच्या वाद्यातून स्वरवाद्य जन्मास आले. त्याला ‘स्टीलपॅन’ म्हणतात.

आरंभी या वृंदांना प्रतिष्ठा नव्हती. त्यांच्यात मारामाऱ्या होत. सभ्य घरांतील आईवडील मुलांना तिकडे फिरकू देत नसत. १९५१ मध्ये लंडनच्या ब्रिटन महोत्सवात त्रिनिदादच्या वादकांचा वृंद गेला आणि ऐकणारे चकित झाले. पुढे हेच वाद्य शाळांच्या वर्गात आले. १९९२ मध्ये ते त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्रीय वाद्य ठरले आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन जाहीर केला. ज्या आवाजापासून मुलांना दूर ठेवले गेले, तोच पुढे मुलांच्या शिक्षणाचे साधन झाला. या बेटावर आणखी एक तालवाद्य घुमते. १८४५ पासून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांनी ते तेथे नेले. त्याचे नाव आजही ‘तासा’ असे आहे. आपल्या मिरवणुकीतील ताशाचा तो दूरदेशीचा भाऊ होय.

मुंबईचे ध्वनिमुद्रण

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताची गोष्ट बालसंगीतशिक्षणापासून वेगळी करता येत नाही. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून लहान मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शाळांत घडलेले कित्येक वादक आणि संयोजक पुढे मुंबईत आले. स्वरलिपी पाहून तत्काळ वाजविणारा वाद्यवृंद चित्रपटसृष्टीस मिळाला, याच्या मुळाशी गावोगावच्या त्या बालवर्गांचे श्रम आहेत.

त्या वाद्यवृंदाचा तालविभाग हे एक स्वतंत्र विश्व होते. कावस लॉर्ड यांनी बाँगोसारखी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये येथे रुजविली आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर यांनी तो वारसा चालविला. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक दत्ताराम वाडकर यांचा ढोलकीचा ठेका इतका स्वतंत्र होता की वादकांत तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. राहुल देव बर्मन यांच्याबरोबर मारुतीराव कीर यांनी तालाची बाजू सांभाळली. बर्मन यांच्या ‘पडोसन’ (१९६८) मध्ये खरखरीत पृष्ठभागावर घासलेला कंगवा वाद्य झाला आणि ‘यादों की बारात’ (१९७३) मध्ये काचेच्या पेल्यावरील चमच्याचा नाद. पातेल्यावर डाव आपटणाऱ्या मुलाची जिज्ञासा मोठेपणी टिकली तर ती काय करू शकते, याचे हे उत्तर होय.

त्या काळी संपूर्ण वृंद एकाच वेळी वाजवीत असे. अखेरच्या ओळीत एखाद्याने खुळखुळा अर्धी मात्रा आधी वाजविला, तर सर्वांना गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. त्यामुळे खुळखुळेवाल्याचे महत्त्व व्हायोलिनवादकाइतकेच होते. १९८० मध्ये अमेरिकेतील लिन आणि जपानच्या रोलँड या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक ड्रम-यंत्रे बाजारात आली. पुढे वेगवेगळे वादक वेगवेगळ्या वेळी वाजवू लागले, यंत्राने ठेका धरला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठे वृंद विखुरले. यंत्राची लय निर्दोष असते. मात्र त्याला शेजारच्याचे ऐकावे लागत नाही.

माणसाबरोबर वाजविणे

हा भेद मुलांच्या बाबतीत किती महत्त्वाचा आहे, ते जर्मनीतील लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत केलेल्या अभ्यासातून दिसते. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे ताल धरावयास सांगितले: समोर माणूस ढोल वाजवीत असताना, यंत्र वाजवीत असताना आणि केवळ ध्वनिवर्धकातून आवाज येत असताना. माणसाबरोबर वाजविताना मुलांची लय अधिक चांगली जुळली. त्याच संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, एकत्र गाऊन-वाजवून झाल्यावर चार वर्षांची मुले एकमेकांना मदत करण्यास अधिक तत्पर असतात.

मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून तबला वाजविता येतो, अशा काळात हा निष्कर्ष पालकांनी लक्षात ठेवावा. पडद्यावरील तबला मुलाची वाट पाहतो. वर्गातील सोबती वाट पाहत नाही. त्याला गाठावे लागते, कधी त्याच्यासाठी थांबावे लागते.

कान जपावेत

एक सावधगिरीची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात ढोल-ताशा पथकांनी तरुणांना ताल दिला, शिस्त दिली. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी विद्यार्थ्यांना लयीची गोडी लावली. धार्मिक मिरवणुकांतील बालपथकेही त्याच वाटेने चालतात. परंतु अनेक ठिकाणी संख्या आणि आवाज हीच कसोटी होऊन बसली आहे. कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी मानलेली एक मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. ढोलांच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलास ही मर्यादा ओलांडावयास वेळ लागत नाही, आणि आतल्या कानातील ज्या पेशी अशा आवाजाने नष्ट होतात त्या पुन्हा उगवत नाहीत. पथकातील मुलांना कानात घालावयाचे बोळे द्यावेत, सराव मोकळ्या जागी घ्यावा, मध्ये विश्रांती द्यावी. यात पथकाचा कमीपणा नाही.

शिक्षणातील तालवृंदाची कसोटी आवाज ही नाहीच. चाळीस मुले हळू वाजवीत असताना एका लहानशा टाळेचा नाद सर्वांना ऐकू आला, तर तो वृंद उत्तम.

कोणासाठी हा वृंद?

प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुले असतात, ज्यांना कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते, “तू नुसते ओठ हलव, गाऊ नकोस.” ते मूल पुढे आयुष्यभर स्वतःला संगीताबाहेरचे मानते. तालवृंदाचे खरे प्रयोजन या मुलासाठी आहे. त्याचा गळा सुरात नसेल. त्याची टाळी मात्रेवर पडते. कोणी अडखळत बोलते, कोणी लाजते, कोणाला ऐकू कमी येते आणि जमिनीतून, हाताच्या तळव्यातून ठेका जाणवतो. या सर्वांना वृंदात जागा आहे, आणि ती दया म्हणून दिलेली जागा नसून त्यांच्यावाचून अपुरी राहणारी जागा आहे.

असे असता बहुतेक ठिकाणी संगीताचा तास परीक्षा जवळ आली की प्रथम रद्द होतो आणि स्नेहसंमेलन जवळ आले की अचानक पंधरा दिवस दिवसभर भरतो. त्यातही उत्तम वाजविणारी दहा मुले पुढे उभी राहतात आणि बाकीची टाळ्या वाजवावयास प्रेक्षागारात बसतात. मोठा खर्च करून आणलेली वाद्ये वर्षभर कपाटात कुलूपबंद राहतात.

याला उपाय साधा आहे. आठवड्यातून एक तास, वर्षभर, वर्गातील प्रत्येक मुलासाठी. वाद्ये महाग नकोत. नारळाच्या करवंट्या, बांबूचे तुकडे, धान्य भरलेले डबे, मातीचा घडा, एक-दोन टाळ आणि एक डफली एवढ्यात आरंभ होतो. शिक्षक मोठा गवई नसला तरी चालेल. त्याला मात्रा मोजता याव्यात आणि मुलांचे ऐकता यावे. दर महिन्याला वाद्यांची अदलाबदल व्हावी, म्हणजे डफली एकाच मुलाच्या मालकीची होणार नाही. आणि वर्षातून एकदा पालकांना बोलवावे ते कार्यक्रमाला नव्हे, नेहमीच्या तासाला. त्यांनी मागच्या बाकावर बसावे, मुलांबरोबर पेरू-मोसंबी म्हणावे आणि पाहावे की सहाव्या मात्रेनंतर सम आपल्याला सापडते की मुलाला आधी.